कोसंबीचा कलह आणि त्याचे शमन

वाद आणि कलह हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु वादाचे प्रयोजन सत्यशोधन असते, तर कलहात प्रतिपक्षाला नमविणे एवढेच प्रयोजन उरते. हा भेद समजून घेण्यासाठी आपण विनयपिटकातील महावग्गाच्या दहाव्या खंधकाकडे वळू.

वत्स देशाची राजधानी कोसंबी यमुनेच्या तीरी होती. तेथील एका भिक्खूच्या हातून दोष घडला. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार शौचकूपाच्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवणे, एवढाच तो दोष. दोष आहे की नाही, यावरून मतभेद झाला. एका पक्षाने त्या भिक्खूला संघातून निलंबित केले, दुसरा पक्ष त्याच्या पाठीशी उभा राहिला. प्रकरण हातघाईवर आले. मूळ पाण्याची गोष्ट मागेच पडली.

तथागतांनी दोन्ही पक्षांना समजाविले. निलंबन करणाऱ्यांना त्यांनी संघभेदाचा धोका दाखविला; दुसऱ्या पक्षाला, इतरांच्या विश्वासाखातर तरी दोष मान्य करावा, असे सांगितले. कोणीही ऐकले नाही. तेव्हा तथागत कोसंबी सोडून निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबविले. मग दोन्ही पक्ष श्रावस्तीस तथागतांकडे गेले. तेथे निलंबित भिक्खूने धम्म व विनय यांच्या आधारे स्वतःच विचार केला आणि आपला दोष कबूल केला. संघ पुन्हा एक झाला.

यावरून मौन हाच धम्म, असा निष्कर्ष कोणी काढू नये. चुल्लवग्गात वाद मिटविण्याचे सात उपाय दिले आहेत. संबंधितांच्या समक्ष निर्णय करणे आणि शलाकांच्या साहाय्याने बहुमत घेणे हे त्यांपैकी दोन. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खू संघाच्या याच संसदीय कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते.

‘तिणवत्थारक’, म्हणजे घाण गवताने झाकावी तसे प्रकरण झाकणे, हा आणखी एक उपाय. दोन्ही बाजूंकडून पुष्कळ अनुचित बोलणे-वागणे झाले असेल आणि ते उकरल्याने कटुता वाढणार असेल, तेव्हा तो योजावयाचा. मात्र गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित दोष त्यातून वगळले आहेत. म्हणजे क्षुद्र गोष्टींवर पडदा टाकावा, अन्यायावर नव्हे.

आमच्या सभासमित्यांतून आज जे तंटे होतात, त्यांतील किती तंटे त्या भांड्यातील पाण्याएवढे आहेत? आपण बोलतो ते सत्य आहे काय, हितकर आहे काय आणि त्याची ही वेळ आहे काय, या कसोट्या अभयराजकुमार सुत्तात आहेत. त्यांना जे उतरेल, ते अप्रिय असले तरी अवश्य बोलावे. उरलेले सोडून देण्यात कोणाचाही पराभव नाही. कोसंबीचा कलह मिटविणारा तो भिक्खू काही हरला नव्हता.