पन्नास वर्षांची खोली, पाच वर्षांचा पट

या दिवाळीत रायगडच्या पेण किंवा रोहा तालुक्यात जन्मलेलं बाळ सहा वर्षांनी पहिलीत बसेल आणि अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडेल. त्याच्यासाठी बांधलेली वर्गखोली मात्र, कोकणच्या पावसात सळ्या गंजल्या नाहीत तर, त्याच्या मुलांच्याही उपयोगी पडेल. तरीही खोल्यांची मागणी आजच्या पटावरून ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला, लोकसंख्या टिकायला तो २.१ लागतो. नमुना नोंदणीनुसार २०२० मध्ये राज्याचा जन्मदर हजारी १५ होता. तोच धरला, तर दोनशे माणसांच्या वाडीत वर्षाला तीन बाळं, म्हणजे पहिली ते पाचवी मिळून पंधरा मुलं. त्यातली चार-पाच इंग्रजी माध्यमाच्या बसने शहरात गेली की पट दहावर आला.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आणि त्याखालच्या नियमांनी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली आणि घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असं माप दिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली. वीसपर्यंत पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता ओढण्यापेक्षा मोठी शाळा बरी, हे म्हणणं खोटं नाही. पण पेणच्या पूर्वेकडच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांवर जुलैतला एक किलोमीटर म्हणजे ओढा, निसरडी पायवाट आणि सहा वर्षांचं पोर. नकाशावर पट्टी ठेवून ते अंतर मोजता येत नाही. इथली शाळा लहान झाली तरी राहिलीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच चित्र आहे. मुंबईशी जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नियोजित कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराच्या १२४ गावांत पेणमधलीही गावं आहेत. तिकडे जननदर कितीही घसरला, तरी बाहेरून येणारी कुटुंबं वर्ग भरतील. रोह्यात धाटावच्या कारखान्यांनी आजूबाजूची वस्ती अशीच वाढवली. एका तालुक्यात एकाच नमुन्याची इमारत बांधत सुटणं म्हणूनच चुकीचं आहे.

वाडीवर दोन खोल्या पुरेत, पण मधली भिंत सरकती हवी. म्हणजे पहिली-दुसरी एकीकडे, उरलेल्या इयत्ता दुसरीकडे बसतील आणि परिपाठाला, ग्रामसभेला एकच दालन मिळेल. रुंद पडवी हवी. पावसाळ्याचे चार महिने तीच मैदानाचं काम करते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमधल्या कितीतरी शाळांचे पत्रे उडाले, तेव्हा छपराची बांधणी वादळ धरूनच करायला हवी. अंगणवाडी याच आवारात असावी. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. रिकामी खोली असेल तर तिचा पहिला हक्क या लहानग्यांचा. वाढत्या गावांत मात्र आज तळमजलाच बांधावा, पण पाया वरच्या मजल्याचं ओझं पेलेल असा घालावा.

आणि शाळा रिकामी पडलीच तर? जपानमध्ये दरवर्षी शेकडो शाळा बंद पडतात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१० पासून रिकाम्या इमारती आणि त्या वापरू इच्छिणारे यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे पडीक शाळा निर्लेखनाच्या फायलीत अडकते आणि तोवर छत खाली येतं.

पुढच्या पटाचा अंदाज बांधायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरात शून्य ते सहा वयाचं प्रत्येक मूल असतं. खोलीच्या प्रत्येक प्रस्तावाला ही यादी जोडायची सक्ती करावी. शाळा व्यवस्थापन समितीने ती वाचून सही करावी.

आणि एक गोष्ट जन्मदराच्या खात्यावर टाकू नये. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि मुलं बरोबर नेतात. जानेवारीत ओस दिसणारा वर्ग मुलं कमी जन्मल्यामुळे ओस नसतो. अशा वाड्यांत शाळेची जादा खोली पाडू नये, शाळा विलीनही करू नये. तिथे हंगामी वसतिगृह चालवावं: मुलं आजी-आजोबांकडे राहतील, दोन्ही वेळ शाळेत जेवतील. भट्ट्यांचे ट्रक दिवाळी सरताच वाडीवर येतात. वसतिगृहाची मंजुरी त्याआधी मुख्याध्यापकांच्या हातात पडायला हवी.