मुष्टियोद्ध्याचें सुवर्णपदक

सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यांत असतांना नांवाजलेले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरील युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालील अंग लुळें पडलें. मुष्टियुद्धांत पायांच्या चपळाईवांचून निभाव लागत नाहीं; तो मार्ग कायमचा खुंटला. बाहूंचें बळ मात्र शाबूत होतें. उपचार म्हणून आरंभिलेल्या पोहण्यांत त्यांनीं तें पणास लाविलें. १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत, म्हणजे पॅरालिंपिकमध्यें, ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनीं विश्वविक्रम केला व भारतास त्या स्पर्धेंतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. पद्मश्री त्यांस लाभली ती २०१८ सालीं. पराक्रमास सदतीस सेकंद पुरले. या सन्मानास सेहेचाळीस वर्षें लागलीं.