पापणी उतरली, शस्त्रक्रियेचा खर्च विमा देतो का?

डोंबिवली किंवा ठाणे स्थानकात इंडिकेटर वाचताना भुवया ताणाव्या लागतात? दोष दरवेळी चष्म्याच्या नंबरचा नसतो. वयानुसार वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरते. ती काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे ब्लेफरोप्लास्टी. बहुतेकदा जागा बधिर करून होते, रुग्ण त्याच दिवशी घरी.

मेख विम्यात आहे. निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. नजर अडत असेल, तर ‘व्हिज्युअल फील्ड’ चाचणी दोनदा करतात: पापणी तशीच ठेवून आणि चिकटपट्टीने वर धरून. दोन्हींतला फरक हाच पुरावा. अहवाल, फोटो, डॉक्टरांचे पत्र आधीच घ्या. शस्त्रक्रियेनंतर दाखवायला काही उरत नाही.

पापणी अचानक पडली, सोबत डोकेदुखी असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर मात्र थेट रुग्णालय गाठा.