चमच्याने मोजलेले तलाव

रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगाव पूर्वेला देशाच्या अर्थव्यवहाराची इत्यंभूत मोजदाद करीत असताना, त्याच गोरेगावातील आमच्या मराठी शाळेत सांख्यिकी हा निव्वळ रेखाकलेचा एक उपप्रकार होऊन बसला होता. क्रमिक पुस्तकाने एखाद्या काल्पनिक गावाच्या गव्हाचे आकडे पुरवावेत, विद्यार्थ्याने आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहून स्तंभ उभे करावेत आणि मास्तरांनी कडा सरळ आल्याबद्दल गुण द्यावेत, असा शिरस्ता होता. काय मोजायचे, कोणत्या मापाने मोजायचे आणि काय वगळायचे हा खरा बुद्धीचा व्यवहार पुस्तककर्त्याने आधीच उरकलेला असल्यामुळे, मुलाच्या वाट्याला रंगरंगोटीच काय ती उरे.

हा शिरस्ता मोडला तो कोणत्याही सरकारी परिपत्रकाने नव्हे. पटांगणात मुलांनाच स्तंभ करून उभे करण्याची तजवीज आम्ही केली: शाळेत पायी येणाऱ्यांची एक रांग, बसने येणाऱ्यांची दुसरी, रिक्षावाल्यांची तिसरी. पायी येणाऱ्यांची रांग अर्थातच सर्वांत लांब झाली, पण तिच्यात जयप्रकाश नगरातल्या मुलामागे आरे वसाहतीतल्या एका पाड्यावरची मुलगी उभी होती, आणि तिने विचारले, “सर, हा पाच मिनिटांत येतो, मला तास लागतो, मग आम्ही एका रांगेत कसे?” रांगा मोडून लागणाऱ्या वेळाप्रमाणे पुन्हा लावल्या, तेव्हा आकृती पार पालटली. वर्गवारी हा मोजणाऱ्याचा निर्णय असतो, ही गोष्ट फळ्यावर कितीही वेळा लिहिली असती तरी इतक्या चटकन उमगली नसती.

पुढे २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच मुदतीत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. शाळा पुन्हा भरल्यावर मुले पाण्याखेरीज दुसरे काही बोलतच नव्हती, तेव्हा प्रमाण लिहिण्याची भानगडच नको म्हणून आम्ही पावसाइतक्याच उंचीच्या कागदी पट्ट्या कापून भिंतीला डकवल्या. सांताक्रूझची पट्टी सहावीतल्या मुलांच्या कमरेच्याही वर पोहोचली. कुलाब्याची चार बोटे भरली. वहीत हाच स्तंभ साडेनऊ सेंटिमीटरचा काढला असता, तर त्याच्याशेजारी उभे राहून आपली उंची ताडून पाहण्याची बुद्धी कोणाला झाली असती?

संगणक आला आणि स्तंभ काढण्याचे कष्ट संपले. मला त्याचे वाईट मुळीच वाटले नाही, कारण त्या कष्टात शिक्षण फारसे नव्हते. मात्र एका पावसाळ्यात मुलांनी वर्तमानपत्रातील, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या साठ्याच्या तक्त्यावरून टक्केवारीचे सात स्तंभ क्षणार्धात उभे केले, त्यात काठोकाठ भरलेला तुळशी सर्वांत उंच, तर अर्धाच भरलेला भातसा त्याच्यापुढे दीनवाणा दिसू लागला, आणि तुळशीकडे पाहून पाण्याची चिंता मिटली असे वर्गाने एकमुखाने ठरवून टाकले.

मग टक्केवारी बाजूला सारून आम्ही क्षमतेचे आकडे घेतले. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर. हा झाला एक चमचा. त्या मापाने विहार साडेतीन चमचे, मोडकसागर सोळा, तानसा अठरा, मध्य वैतरणा चोवीस, अप्पर वैतरणा अठ्ठावीस. आणि भातसा एकोणनव्वद! सातही तलाव भरले तर एकशे ऐंशी चमचे. निळ्या शाईचे पाणी चमच्याचमच्याने काचेच्या बरण्यांत ओतताना भातशाच्या गटाचे हात दुखून आले, आणि अर्धा भातसादेखील चव्वेचाळीस तुळशींच्या तोडीचा असल्याची खात्री त्यांना हातानेच पटली.

व्हिएन्नात १९२५ साली आकडे चित्रांनी मांडणारे संग्रहालय उघडणाऱ्या ओटो न्यूराथचा दंडक असा, की मोठी संख्या मोठ्या चित्राने दाखवू नये, तेच चित्र अधिक वेळा काढून दाखवावी. आमच्या पुस्तकांतला चित्रालेख याच तत्त्वावर चालतो, पण नियम म्हणून सांगितलेले तत्त्व आणि चमचे मोजून हाताशी आलेले तत्त्व यांत महदंतर आहे. बरण्यांचा चित्रालेख वहीत उतरवताना एकोणनव्वद चमचे एका ओळीत मावेनात. एका गटाने दहा चमच्यांसाठी एक चित्र असा तोडगा काढला. तसे केल्यास तुळशीला चमच्याचा दशांश, म्हणजे नुसते दांड्याचे टोक येते, अशी दुसऱ्या गटाची हरकत. मला पहिल्यांचे म्हणणे पटत होते, पण वर्गाचा कौल दुसऱ्यांकडे गेला, आणि अखेर वहीची पाने एकमेकांना चिकटवून भातशाची ओळ व्हरांड्याच्या भिंतीवर मुख्याध्यापकांच्या दालनापर्यंत नेण्यात आली.