जागा शोधत समुद्रापर्यंत

मुंबईच्या उपनगरांत ‘जागा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बोरिवलीत कुणी जागा घेतली म्हणजे घर घेतलं. आणि दोन समलिंगी तरुणांची ओळख वाढू लागली की लवकरच प्रश्न येतो, ‘तुझ्याकडे जागा आहे का?’ बहुतेकदा नसते. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये आई-बाबा, आजी आणि धाकटी बहीण असते. मुलुंडच्या सोसायटीत गेटवरच्या वहीत पाहुण्याला नाव, फोन नंबर आणि कुणाकडे जायचंय ते लिहावं लागतं. मग दोघं मालाड स्टेशनबाहेर मार्व्याची बस पकडतात, जेट्टीवर फेरीबोटीत बसतात आणि खाडी ओलांडून मनोरीला उतरतात. अंधार पडेपर्यंत वाळूवर शेजारी-शेजारी बसता येतं. एवढ्यासाठीच तो सगळा प्रवास.

पाणी ओलांडलं की ओळखीच्या नजरा पलीकडच्या काठावर राहतात. जगात एलजीबीटी माणसांनी वसवलेली समुद्रकाठची गावं याच साध्या कारणाने उभी राहिली.

त्यांतलं फार जुनं नाव म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड बेटावरचं चेरी ग्रोव्ह. तिथे मोटारी जात नाहीत. सेव्हिल गावाहून बोट घ्यावी लागते. १९३८च्या सप्टेंबरमध्ये चक्रीवादळाने इथली बरीच घरं मोडली. काही जुनी कुटुंबं निघून गेली आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची मंडळी उन्हाळ्यासाठी येऊ लागली. वीज पोहोचली ती १९६१ साली. तोवर कंदिलावर भागवलं. गैरसोय होती, पण आडबाजूला असणं हेच संरक्षण होतं. तरी ते पुरं पडत नसे. १९६०च्या दशकात तिथेही पोलिसांच्या धाडी पडत आणि पकडलेल्यांच्या नोकऱ्या, इभ्रत पणाला लागे. याच गावाचं समाजगृह आणि नाट्यगृह २०१३मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं.

दुसरं गाव मॅसॅच्युसेट्सच्या टोकावरचं प्रॉव्हिन्सटाउन. हे मूळचं दर्यावर्दींचं, त्यांत पोर्तुगीज वंशाच्या कोळ्यांची वस्ती मोठी. देवमाशांची शिकार संपत आली तशा खोल्या रिकाम्या आणि स्वस्त झाल्या. १८९९मध्ये चार्ल्स हॉथॉर्न यांनी तिथे चित्रकलेचे वर्ग सुरू केले. १९१५पासून नाटकवाले येऊ लागले. कलावंतांच्या मागोमाग, चारचौघांत न मावणारी माणसं आली. कोळणींनी भाड्याने खोल्या दिल्या, आणि भाडेकरूच्या खोलीत कोण येतं-जातं याची चौकशी हळूहळू सैल होत गेली. स्वस्त खोली, मोसमी रोजगार आणि परक्यांची सवय असलेलं बंदर, या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे असं गाव रुजलं. पण दोन्ही गावांभोवती एक कुंपण राहिलंच. सुट्टी आणि पैसा ज्यांच्याकडे होता ते पोहोचले. त्यात गोरे पुरुष जास्त होते.

आपल्या किनाऱ्यावर असं गाव झालं नाही. मनोरी-गोराई ही कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची नांदती गावं आहेत. बाहेरचा माणूस तिथे सकाळी येतो आणि संध्याकाळी परततो. बंगला भाड्याने घेऊन रात्र काढायची तर खिसा भरलेला हवा. शिवाय समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ खाडीच्या दोन्ही काठांवर सारखंच लागू होतं. बाईची अडचण आणखी वेगळी. दोन पुरुष किनाऱ्यावर बसले तर मित्र ठरतात; दोन बायका अंधार पडल्यावर बसल्या तर चार जण येऊन चौकशी करतात.

त्यामुळे मुंबईने आपला किनारा शहराच्या आत शोधला. १९९०मध्ये अशोक राव कवी यांनी समलिंगी समाजासाठी ‘बॉम्बे दोस्त’ नियतकालिक सुरू केलं, १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत संस्थेला जागा मिळाली. एचआयव्हीचं काम हे त्यामागचं मोठं कारण होतं. खाली बाजार, वर खोल्या. शुक्रवारी तिथे माणसं जमत, बोलत, डॉक्टरांना भेटत. लोकलचा पास असलेल्या कुणालाही पोहोचता येईल अशी ती जागा होती, आणि चेरी ग्रोव्हला जे जमलं नाही ते तिथे जमलं. १९९५मध्ये स्त्रियांनी ‘स्त्री संगम’ हा गट बांधला. पुढे तो ‘लाबिया’ या नावाने काम करू लागला.

हा रस्ता सरळ नव्हता. २ डिसेंबर १९९८ला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये, दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या ‘फायर’ चित्रपटाचा खेळ शिवसैनिकांनी मोडतोड करून बंद पाडला. अंधारात बसून पडद्यावर आपली गोष्ट पाहणंही तेव्हा जड गेलं. दहा वर्षांनी, १६ ऑगस्ट २००८ रोजी, क्वीअर आझादीची पदयात्रा ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाली. काहींनी तोंडावर मुखवटे लावले होते, तरी चालले ते भर दिवसा. समुद्र तोच, फरक एवढा की या वेळी शहराकडे पाठ फिरवून नव्हे, शहराच्या रस्त्यावरून माणसं त्याच्याकडे गेली.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना कलम ३७७मधून मोकळं केलं. लग्नाची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मान्य झाली नाही. प्रॉव्हिन्सटाउनमधल्या जोडप्यांना २००४ पासून लग्न करता येतं. आपल्याकडे ज्यांनी संसार मांडला त्यांना बहुतेक फॉर्मवर एकमेकांचं नातं लिहिता येत नाही, आणि भाड्याचं घर शोधताना ‘फॅमिली आहे का?’ हा प्रश्न चुकत नाही.

कायद्याने दार उघडलं, पण घरातली जागा कायदा देऊ शकत नाही. ती आई-वडील देतात, भाऊ-बहीण देतात, सोसायटीच्या कमिटीतले काका देतात. मला किनाऱ्यावरची गावं मनापासून आवडतात, कारण छळातून निघालेल्या माणसांनी तिथे नाटकं केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, म्हातारपण काढलं. पण ती वसवावी लागली याचं दुःखही तितकंच आहे. रविवारी संध्याकाळी मनोरीहून परतणाऱ्या बोटीत जे दोघं मार्व्याला उतरण्याआधी हात सोडवून घेतात, त्यांच्यातला एक आपल्याच मजल्यावर राहत असेल. पुढच्या रविवारी त्याने मित्राला घरी आणलं, तर वहीतल्या नावाबद्दल काही न विचारता चहा टाकावा. वन रूम किचनमध्ये तेवढी जागा नक्की होते.