आधी हिरडी, मग हाड

दात गेला की त्या जागेचे हाडही झिजते. कृत्रिम दाताचे मूळ रोवण्यासाठी मग हाडाची भर घालावी लागते. पण भर वाढली, तरी वरची हिरडी तेवढीच! ती ताणून शिवली तर टाके उसवतात, भर उघडी पडते, जंतू शिरतात. १९५७ साली न्यूमन यांनी कानाच्या दुरुस्तीसाठी त्वचेखाली फुगा ठेवून कातडे वाढविले, तत्त्व तेच. हिरडीखाली ठेवलेली हायड्रोजेलची कांडी शरीरातील द्रव शोषून भिजल्या हरभऱ्यासारखी काही आठवड्यांत फुगते, हिरडी वाढते. मग कांडी काढून भर घालतात. क्वचित कांडी हिरडी भेदून बाहेर येते; म्हणून तपासणी चुकवू नये, तंबाखू सोडावी. फुलंब्रीकरांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळ आहे. दात हलू लागताच तेथे दाखवावे. राखलेला दात केव्हाही बरा!