लेण्यांतलं पाणी, दानातली झाडं

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणारा भाविक मुळात एका बौद्ध विहारातच पाऊल टाकतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात नजर खिळवणारी शिल्पं आहेत. जुन्नरला मात्र भिंतींवरचे ब्राह्मी लेख वाचायला हवेत.

इथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचं लेणं दान केलं आणि सोबत पाण्याचं टाकंही दिलं. लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. अडुथुम नावाच्या शक उपासकाने तर जमीनच दिली: करंजाच्या लागवडीसाठी 20 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) आणि वडांसाठी 9. सोनं नाही, मूर्ती नाही, झाडं! करंजाच्या बियांचं तेल दिव्याला चालतं आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. वडाची फळं पाखरांची. संयुत्तनिकायातल्या वनरोप सुत्तात एक देवता विचारते, कोणाचं पुण्य अहोरात्र वाढतं? बुद्ध आधी बागा आणि वनं लावणाऱ्यांचं नाव घेतात. मग पूल, पाणपोई, विहीर आणि निवारा देणाऱ्यांचं. जुन्नरचे दाते नेमकं हेच करत होते.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचा विष्णुदत्ता या उपासिकेचा लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. तिने कुंभारांच्या श्रेणीकडे 1000 कार्षापणं (तेव्हाची नाणी), जलयंत्रं बनवणाऱ्यांकडे 2000 आणि तेल्यांकडेही ठेवी ठेवल्या. मुद्दल अक्षय राहायचं, त्यावरच्या उत्पन्नातून आजारी भिक्खूंना औषध मिळायचं. त्रिरश्मीच्या विहारात राहणाऱ्या, पण चारी दिशांहून येणाऱ्या संघातल्या. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून घडते हे तत्त्व, समजावताना ग्रंथांचे ग्रंथ लिहिले गेले, पण मला तो या हिशेबात सर्वांत स्पष्ट दिसतो. पाऊस पडला तर तीळ पिकणार, घाणा फिरणार आणि अनोळखी भिक्खूला काढा मिळणार.

घेणाऱ्यांवरही बंधनं होती. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, हिरवं झाड तोडायला, जमीन खणायला, पाण्यात थुंकायला मनाई आहे. वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियमही, त्या दिवसांत भिक्खू कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात या लोकांच्या तक्रारीतून आला. राजा उदयनाने बुद्धांचे शिष्य आनंद यांना विचारलं, दानात मिळालेल्या एवढ्या चीवरांचं (भिक्खूंच्या वस्त्रांचं) करता काय? आनंद म्हणाले, जुनी चीवरं अंथरुणाच्या खोळी होतात, खोळी झिजल्या की जमिनीवर अंथरतात, मग पायपुसणी होतात, मग फडकी. शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवतात आणि जमीन सारवतात. राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली. वाया काही जात नाही, ही खात्री पटल्यावर त्याचा हात अधिक सैल झाला.

लेण्यांची माहिती सांगताना टाकी शेवटच्या ओळीत उरकली जातात. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. त्यासाठी कान्हेरीला पावसाळ्यात जावं आणि चैत्यगृहाआधी कातळावरच्या पन्हळी बघाव्यात. वरून येणारं पाणी कुठे वळवलंय, कुठल्या टाक्यात उतरवलंय, ते ओघळाच्या मागे चालत गेलं की कळतं.